लिस्बनच्या चार खेपा

लिस्बनला मी आजवर चारदा गेलो आहे. टेक्ससमधल्या आमच्या प्लेनोतल्या ओळखीच्या लोकांना हे जरा विचित्रच वाटतं. आमच्याकडे युरोप म्हणजे दहा दिवसांत पाच देश, आणि एकदा झालं की झालं. एकाच गावी पुन्हा पुन्हा जाणारा माणूस एकतर फार पैसेवाला असावा, नाहीतर तिथे त्याचं काहीतरी अडकलेलं असावं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. भारताचा समुद्रमार्ग शोधणाऱ्या खलाशावर तिने शाळेत प्रोजेक्ट केलं होतं. पुठ्ठ्याचं जहाज, आणि त्याला जुन्या अभ्र्याची शिडं. शिडं माझ्या आईने शिवली होती. आई तेव्हा वर्षातले सहा महिने नागपूरला असायची आणि सहा महिने आमच्याकडे. आम्ही नवराबायको दोघंही ऑफिसात, त्यामुळे शाळेची बस आली की दार उघडायला आजीच. मुलीचं जे काही मराठी होतं, ते आजीकडून आलेलं. ती 'मी जेवतेय' न म्हणता 'मी जेवून राहिले' म्हणायची आणि माझी पुण्याची बायको कपाळाला हात लावायची.

ते जहाज जिथून निघालं तो धक्का बघायचा, असा हट्ट मुलीने धरला आणि स्प्रिंग ब्रेकमध्ये आम्ही चौघं लिस्बनला गेलो.

टेक्ससमधून गेलेल्या माणसाला ते शहर आधी अंगावर येतं. आमच्याकडे जमीन पोळपाटासारखी सपाट, दूध आणायलाही गाडी काढावी लागते. इथे सगळे चढ आणि उतार. गल्ल्या इतक्या अरुंद की पिवळी ट्राम आली की माणसं भिंतीला पाठ टेकून उभी राहत. घरांच्या भिंतींना बाहेरून निळ्या नक्षीच्या फरशा, खिडक्यांतून वाळत घातलेल्या चादरी, आणि प्रत्येक चढाच्या टोकाला अचानक समुद्राएवढी रुंद नदी. आई साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून चढत होती. दर वीस पावलांवर थांबून म्हणायची, "किती चढवून राहिली गं पोरी मला," आणि पुन्हा चालू लागायची.

एका चढावर भाजीचं छोटंसं दुकान होतं. आईने तिथल्या बाईला बोटाने बटाटे दाखवले आणि सवयीने मराठीतच मागितले. बाई म्हणाली, "बटाटा." आईला वाटलं आपण मराठीत बोललो म्हणून ती तसं म्हणतेय. तिने पुन्हा दाखवले, या वेळी न बोलता. बाई पुन्हा म्हणाली, "बटाटा." मग आई जी हसायला लागली ती थांबेचना. त्या दिवसापासून आजी-नातीचा खेळ सुरू झाला. हॉटेलातल्या माणसाला वस्तू दाखवायच्या आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं. चावी. बादली. फीत. पाव. काजू. अननस. मुलीने वही केली होती. "आजी, दे स्टोल अवर वर्ड्स!" ती ओरडली. आई म्हणाली, "अगं, चोर आपणच. त्यांचेच शब्द आपण उचलले."

तिथे एक गोड पदार्थ मिळतो. पापुद्र्याच्या छोट्या वाटीत पिवळं कस्टर्ड आणि वर दालचिनी. आईने विचारलं, "अंडं नाही ना यात?" मी म्हणालो, "छे, नुसतं दूध." तिने तीन खाल्ले. मुलगी माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, यू लाइड टू आजी." मी म्हणालो, "अगं, तिला आवडलं ना? कळलं असतं तर खाल्लं नसतं." तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. मी असाच होतो. कोणाला काय केव्हा कळावं हे आपण ठरवायचं, म्हणजे घरातल्यांना त्रास होत नाही, असं मला मनापासून वाटायचं. घर चांगलं चालवणं म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती.

विमानात मुलगी झोपेत हसत होती. मी बायकोला म्हणालो, "रिटायर झालो की इथे दोन महिने येऊन राहू." इतकं सुंदर शहर मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

दुसऱ्यांदा गेलो ते दहा वर्षांनी. मुलगी तेव्हा आमच्यापासून तीन-चार तासांवरच्या युनिव्हर्सिटीत बायॉलॉजी शिकत होती आणि पुढे मेडिकलला जाणार होती. जाणार होती असं आम्ही म्हणत होतो. तिने मध्येच एक सेमिस्टर लिस्बनला शिकायला जायचं ठरवलं. माझा कपाळशूळ उठला, पण क्रेडिट्स वाया जाणार नाहीत अशी खात्री केल्यावर मी हो म्हणालो. नोव्हेंबरात आम्ही दोघं तिला भेटायला गेलो.

पाऊस होता. तिथले फुटपाथ छोट्या पांढऱ्या दगडांचे असतात, आणि ओले झाले की साबण लावल्यासारखे होतात. बायको दोनदा घसरली. दोन्ही वेळा मुलीने तिला धरलं आणि म्हणाली, "आई, असं पाऊल टाक, तिरकं." ती तिथलीच असल्यासारखी चालत होती. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात तिची खोली होती. खालच्या बेकरीवाल्याशी ती पोर्तुगीजमध्ये भांडायची आणि हसायची. शहर बदललं होतं. जिकडेतिकडे परांची, क्रेन, रंग काढलेली घरं, टुरिस्टांच्या रांगा. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी शहर बघतच नव्हतो. माझी मुलगी परक्या भाषेत कॉफी मागवते, एवढंच मी बघत होतो.

नदी दिसते अशा एका चौथऱ्यावरून तिने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. आईचे गुडघे गेले होते, त्यामुळे तिचं अमेरिकेला येणं बंद झालं होतं. पण फोन तिला चांगला जमायचा. विशेषतः बटण दाबून बोलायचं आणि सोडलं की आवाज पोचतो, हा प्रकार तिला फार आवडला होता. नातीच्या प्रत्येक परीक्षेआधी ती असा एक आवाज पाठवायची. घाई करू नको, आधी पेपर पूर्ण वाच, दही-साखर खाऊन जा. एखादा चुकून माझ्याच नंबरवर यायचा.

"जेवली का गं?" आईने विचारलं.

"जेवले. आजी, बघ, नदी बघ."

"ती बटाटेवाली बाई आहे का अजून?"

"आहे! मी तिच्याकडूनच घेते."

कॉल संपल्यावर मुलगी कठड्याला टेकून म्हणाली, "मी इथे राहू शकते, बाबा. आय मीन, फॉर रिअल."

मी हसलो. "सहा महिने कुठेही राहता येतं. डॉक्टर हो, मग दरवर्षी ये."

ती पुन्हा नदीकडे वळली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तिला थंडी वाजतेय.

त्यानंतरच्या वसंतात मुलीची मेडिकलची प्रवेशपरीक्षा होती. परीक्षेला अठरा दिवस असताना नागपूरहून ताईचा, माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. आईला पक्षाघाताचा झटका आला होता. मी मिळेल त्या विमानाने गेलो. मुलीला आम्ही सांगितलं की आजीचं ब्लड प्रेशर वाढलंय आणि बाबा बघायला गेलाय, काळजीचं काही नाही. मी पोचलो त्या दिवशी आईने मला ओळखलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

स्मशानातून आल्यावर ताई म्हणाली, "पोरीला फोन लाव."

मी म्हणालो, "परीक्षा होऊ दे."

"अरे, नात आहे ती. पोटच्या पोरीसारखं वाढवलंय आईने तिला."

"म्हणूनच. आत्ता कळलं तर ती कोसळेल. दोन वर्षांचा अभ्यास आहे, ताई. पंधरा दिवसांनी मी स्वतः सांगतो."

बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा तिने 'नक्की?' असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "तू म्हणतोस तर." मी ते होकारासारखं घेतलं.

मुलगी रोज फोन करायची. तिच्याकडे संध्याकाळ, माझ्याकडे सकाळ. "आजीला दे ना." मी म्हणायचो, "झोपली आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "झोपली आहे गं, औषधाने गुंगी येते." व्हिडिओ लाव म्हणाली तर इथे नेटवर्क बरोबर नाही. आई असताना घरात कधी बंद न पडलेलं नेटवर्क मी तेरा दिवस बंद ठेवलं.

एके सकाळी ती म्हणाली, "बरं, झोपू दे तिला. पण एक व्हॉइस मेसेज पाठवायला सांग. नेहमी पाठवते. परीक्षेआधी लागतो मला तो."

मी "सांगतो" म्हणालो.

पुढचं लिहायला मला बरीच वर्षं लागली. माझ्या फोनवर आईचा एक जुना आवाज होता. मुलीसाठी बोललेला, चुकून माझ्याकडे आलेला. तसाच पुढे पाठवला तर तो पुढे पाठवलेला आहे हे कळलं असतं. म्हणून मी आईच्या खोलीत गेलो. तिचा फोन कपाटावर होता, शेजारी चष्मा. दार लोटलं. पंखा बंद केला, आवाज स्वच्छ यावा म्हणून. माझ्या फोनवर तो जुना आवाज लावला आणि आईच्या फोनचं बटण दाबून धरलं. "पोरी, घाई करू नको. तुला सगळं येतं. मी आहे ना."

वळून पाहिलं तर ताई दारात उभी होती. ती काही म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. तिने तेव्हा काही म्हटलं असतं तर, असं मी पुढे कितीदा मनात आणलं. पण ते तिच्यावर ढकलणं झालं. बटण दाबलं मी, आणि सोडलंही मीच.

मुलीचं उत्तर लगेच माझ्या फोनवर आलं. लाल बदाम, आणि खाली, "टेल हर आय लव्ह हर."

तेरावा उरकून मी परतलो. दुसऱ्या दिवशी शनिवार, परीक्षेचा दिवस. आम्ही दोघं गाडीने गेलो आणि परीक्षा संपायच्या वेळी तिथल्या पार्किंगमध्ये उभे राहिलो. गाडीत बसल्यावर शांतपणे सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. मुंडन केलेलं होतं म्हणून मी बेसबॉलची टोपी घातली होती.

ती हसत बाहेर आली. "आय थिंक आय किल्ड इट!" म्हणत धावत येऊन तिने आधी बायकोला मिठी मारली, मग मला. तिचा हात माझ्या मानेवर आला आणि तिथेच थांबला.

ती मागे सरकली. "टोपी का घातलीस?"

"ऊन आहे गं."

"बाबा, टोपी काढ."

आमच्या ओळखीतल्या एका काकांचे वडील गेले होते तेव्हा तिने हे पाहिलं होतं. अर्थ तिला माहीत होता. मी टोपी काढली. माझ्या डोक्याकडे ती किती वेळ बघत होती कोण जाणे. आजूबाजूला बाकीची मुलं आपापल्या आईबापांना मिठ्या मारत होती.

"केव्हा?"

"पंधरा दिवस झाले," बायको म्हणाली आणि रडायला लागली.

मुलगी मनातल्या मनात दिवस मोजत होती, ते तिच्या ओठांवरून कळत होतं. मग तिने मलाच विचारलं, "द मेसेज?"

"जुना होता."

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, मारेल, मग आपण तिला जवळ घेऊ. त्याची मी तयारी केली होती. ती एवढंच म्हणाली, "प्लीज मला रूमवर सोडा." मागच्या सीटवर बसून ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या बिल्डिंगपाशी उतरताना बायकोला "बाय, आई" म्हणाली. त्या दिवसापासून माझ्याशी ती मराठी बोललेली नाही.

परीक्षेत तिला फार चांगले मार्क मिळाले. तिने एकाही कॉलेजला अर्ज केला नाही. डिग्री घेतली, वर्षभर कुठेतरी नोकरी केली आणि लिस्बनला निघून गेली. आम्हाला ते तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं.

तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा ती तिथे दोन वर्षं राहत होती. बायकोने महिनाभर विनवण्या केल्यावर तिचा निरोप आला होता की एका कॅफेत तासभर भेटता येईल. एका तासासाठी आम्ही दोन विमानं बदलून गेलो. बायकोने मेतकूट, बेसनाचे लाडू आणि लसणाची चटणी अशी पिशवी भरली. आदल्या दिवशी पोचलो म्हणून मी बायकोला घेऊन भाजीचं ते दुकान शोधायला निघालो. वाटलं, निदान ते दाखवून बोलायला सुरुवात करता येईल. चढ चढताना धाप लागत होती. प्रत्येक दारावर किल्लीच्या छोट्या पेट्या लटकत होत्या, भाड्याने राहायला येणाऱ्या प्रवाशांसाठी. सुटकेसची चाकं दगडांवर खडखडत होती. सकाळी हॉटेलात येताना आमचीही त्यात होतीच. दुकानाच्या जागी फ्रिजवर लावायची चुंबकं आणि बुचाच्या लाकडाच्या पर्सेस विकणारं दुकान होतं. आत गेलो. विकणारा मुलगा आम्हाला बघून हिंदीत म्हणाला, "आइए अंकल." तो बांगलादेशचा होता. भाजीवाल्या बाईचं विचारलं तर त्याला काही माहीत नव्हतं. तो सहा महिन्यांपूर्वीच आला होता.

मला त्या शहराचा राग आला. हे सगळं प्रवाशांसाठी मांडलेलं सोंग आहे, इथे खरं राहतं तरी कोण, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "आपली मुलगी राहते."

कॅफेत मुलगी वेळेवर आली. केस कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला. परदेशी लोकांना घरं शोधून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात ती काम करत होती. बायकोशी ती मराठीत बोलली. गुडघा कसा आहे, शेजारच्या मावशी बऱ्या आहेत का. माझ्याशी इंग्लिशमध्ये. "हाऊ वॉज द फ्लाइट?" ऑफिसात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, नीट, हसून.

मी माफी मागितली. विमानात घोकलेली वाक्यं होती. तुझ्या भल्यासाठीच, पण चुकलंच, वगैरे. ती ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "आय नो यू आर सॉरी." मग वेटरला बिल मागितलं.

निघताना तिने पिशवी घेतली. बायकोला तेवढ्याने उभारी आली. "लाडू घेतले तिने," असं ती हॉटेलात दोनदा म्हणाली. उरलेले तीन दिवस आम्ही हॉटेलच्या आसपास काढले. पाऊस नव्हता, ऊन छान होतं, नदी तशीच होती. मला काहीही बघवत नव्हतं.

चौथ्या वेळी मी एकटा गेलो. बायको म्हणाली होती, "जाऊ नकोस. ती बोलवत नाही आहे." मी म्हणालो, "ती बोलवायची वाट बघितली तर मी मरून जाईन." ती म्हणाली, "मग तिला कळवू की नको, तेवढं सांगून ठेव." इतक्या वर्षांत तिने मला ऐकवलेलं हे एकच टोचणारं बोलणं. तिचा आवाजही चढला नव्हता. मी बॅग भरत राहिलो.

मुलीचा पत्ता बायकोकडे होता, तो मी तिच्या डायरीतून बघून घेतला होता. म्हणजे तेही न सांगताच. दुपारी तिच्या बिल्डिंगखाली जाऊन बेल वाजवली. ती खिडकीत आली, मला बघितलं आणि आत गेली. मला वाटलं आता येत नाही. पण आली. घरात बोलावलं नाही. समोरच्या चौकात एका झाडाखाली बाक होता, तिथे आम्ही बसलो. शेजारच्या बाकांवर म्हातारे पत्ते खेळत होते.

"इज आई ओके?" तिने इंग्लिशमध्ये विचारलं.

"बरी आहे."

शेजारी पत्त्यांचा एक डाव संपला. मग मी म्हणालो, "मला काय करायला हवं ते तू सांग. काहीही सांग."

ती म्हणाली, "नथिंग. देअर इज नथिंग टू डू, बाबा." तिच्या तोंडून 'बाबा' मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं. ती पुढे बोलत राहिली. शांतपणे, एकेक वाक्य. तिचं बोलणं मी माझ्या भाषेत लिहितो. ती म्हणाली, "आजीचे सगळे मेसेज माझ्याकडे आहेत. चाळीस-पन्नास असतील. मला ते ऐकता येत नाहीत. एखादा लावला की वाटतं, हा कुठल्या खोलीतून आला असेल, तेव्हा ती होती का. तिच्या आवाजावरचा माझा विश्वास गेला. ती गेली याबद्दल मी तुला कधीच दोष दिला नाही. तिचा आवाज तू माझ्याकडून घेतलास, त्याचं काय करायचं हे मला माहीत नाही."

मी म्हणालो, "बाकीचे सगळे खरे आहेत."

ती म्हणाली, "असं तू म्हणतोस."

खरं बोलतोय हे सिद्ध करायला माणसाकडे आधीचं काहीतरी जमा असावं लागतं.

मग तिने सांगितलं की पुढच्या महिन्यात ती लिस्बन सोडून चाललीय. इथलं भाडं परवडत नाही, आणि शहरही आता तिला आवडेनासं झालंय. कुठे, ते सांगणार नव्हती. "आईला मी कळवत जाईन की मी ठीक आहे. यू, प्लीज, डोन्ट कम लुकिंग." ती उठली. माझ्या खांद्याला हात लावला, अगदी हलकेच, आणि रस्ता ओलांडून दारातून आत गेली. मी तिच्या खिडकीकडे बघत राहिलो. ती पुन्हा खिडकीत आली नाही.

विमान दुसऱ्या दिवशी होतं. त्या संध्याकाळी मी नदीकाठी नुसता चालत होतो. एवढं कौतुक केलेलं ते शहर आता मला ना सुंदर वाटत होतं ना खोटं. एक गाव होतं, त्यात माणसं कामावरून घरी चालली होती आणि त्यातल्या कोणाशीही माझा काही संबंध नव्हता. एका जपानी जोडप्याने फोटो काढून द्याल का म्हणून विचारलं. काढून दिला. नीट आला नाही म्हणून पुन्हा काढून दिला.

याला आता तीन वर्षं झाली. मुलगी कुठे आहे मला माहीत नाही. दोन-तीन महिन्यांनी बायकोला एक ओळ येते, की मी बरी आहे. बायको ती वाचते आणि फोन पालथा ठेवते. मी विचारत नाही. तिला मुलीचा पत्ता माहीत असावा अशी मला शंका आहे, पण आता मी डायऱ्या बघत नाही. ताईशी माझं बोलणं सणावाराला होतं. तिने त्या सकाळचा विषय कधी काढला नाही आणि मीही नाही.

गेल्या शनिवारी आम्ही दोघं सामान आणायला अर्विंगच्या देशी दुकानात गेलो होतो. मेथीच्या जुड्या निवडत असताना एक तरुण जोडपं भेटलं. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेलं, मूळचं मुंबईचं. त्यांचं नुकतंच युरोपचं तिकीट झालं होतं.

"काका, तुम्ही लिस्बनला खूपदा गेलायत ना? आम्हाला यार सगळे तेच सजेस्ट करतायत. किती दिवस ठेवू?"

"तीन पुरे होतात," मी म्हणालो.

त्याने लगेच फोन काढला आणि लिहून घ्यायला लागला. कुठे उतरायचं, ट्राम कुठून पकडायची, रांग नसते ती वेळ कोणती. मी सांगत गेलो. मला सगळं पाठ होतं. त्याची बायको म्हणाली, "शूज चांगले न्या म्हणतात, घसरायला होतं. खरं आहे का, काकू?"

बायको म्हणाली, "हो. पाऊल तिरकं टाकायचं."

मग तिने जुडी ट्रॉलीत टाकली आणि ट्रॉली ढकलत पुढे निघून गेली. मी त्या मुलाला उरलेली दोन ठिकाणं सांगितली आणि तिच्या मागे गेलो. ती डाळींच्या रांगेत उभी होती. पाकिटावरची तारीख वाचत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "तूर संपलीय घरात," आणि आम्ही तूरडाळ घेतली.